फुटाला चार सूत

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. आमच्याकडे लाकडावर पेन्सिलीने खुणा करतात आणि काम झालं की त्या रंध्याने काढून टाकतात. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. चार वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं वाचली म्हणून आपणही लिहावं, असा हक्क मिळतो की नाही मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मी तोंडाने कुणालाच सांगू शकलेलो नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. गोष्ट एका वीतभर ट्रकची आणि एका मित्राची आहे. आणि माझ्या हेव्याची.

माझे वडील, आप्पा, ट्रकच्या बॉड्या बांधतात. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीकडून नवा ट्रक येतो तो उघडाच येतो. चार-सहा चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा, एवढंच. ड्रायव्हर एका लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तो हाकत आणतो. मग त्याच्यावर केबिन, मागचा हौदा, हौद्याला मागे पडणारा फाळका, हे सगळं सुतार लाकडातून उभं करतात. लक्ष्मीपुरीच्या मागच्या बाजूला एका शेडमध्ये आप्पा हे काम करायचे. गडहिंग्लजकडून गुळाच्या भेल्या भरून येणारे कितीतरी ट्रक आप्पांच्या हातचे होते. रस्त्यात दिसला की आप्पा फाळक्याच्या बिजागरीवरून ओळखायचे.

त्या शेडमधल्या तुकड्यांतून मी लहानपणापासून लहान ट्रक करायचो. आधी कसेही, मग मापाने. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. मी ठरवलं होतं, खऱ्या ट्रकचा एक फूट म्हणजे माझ्या ट्रकचे चार सूत. दुपारी जेवायची सुट्टी झाली की मी उभ्या ट्रकला फूटपट्टी लावायचो आणि वहीत मापं लिहायचो. आप्पा भाकरी खाता खाता बघायचे.

"ह्येचं करनार काय रं तू?"

"बारका ट्रक."

"त्यात गूळ मावतोय व्हय?"

शेडमधले सगळे हसायचे. पण दुसऱ्या दिवशी सागवानाची एक चांगली, गाठ नसलेली फळी माझ्यासाठी बाजूला ठेवलेली असायची.

मॅट्रिकच्या सुट्टीत मी एक ट्रक पुरा केला. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं बॉनेट, सायकलच्या तारांचे आस, लाकडी चाकांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. दिव्यांच्या जागी पोलक्याची दोन टिचबटनं. समोरच्या काचेला काय लावायचं ते सुचत नव्हतं. ते मला माझ्या मित्राने दिलं. तो हायस्कुलात माझ्या बाकावर बसायचा. त्याचे वडील डॉक्टर होते आणि राजारामपुरीत त्यांचा बंगला होता. त्याने वडिलांकडची जुनी एक्स-रेची फिल्म गरम पाण्यात धुऊन आरपार स्वच्छ करून आणली. त्यातून मी दोन काचा कापल्या. माझा ट्रक त्याच्या घरी नेला तेव्हा तो पालथा पडून, गाल जमिनीला लावून त्याच्याकडे बघत राहिला.

"अरे, हा खराच आहे की रे!" तो म्हणाला.

इतका आनंद मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही झाला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसं आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याचा निरोप आला, लगेच ये. त्याचे मामा अमेरिकेत शिकायला होते, ते आले होते. टेबलावर एक चपटी पेटी होती. पेटीवर एका लालभडक ट्रकचं चित्र होतं आणि आत तो ट्रक तुकडे तुकडे होऊन पडला होता. प्लॅस्टिकचे शंभरेक भाग, एका चौकटीला चिकटलेले, कैऱ्या डहाळीला लागाव्यात तसे. तुकडा मोडून घ्यायचा, दुसऱ्याला जोडायचा, आणि ट्रक व्हायचा. टायरांवर खरी नक्षी होती. चाकाच्या प्रत्येक नटाला सहा बाजू होत्या. एक पाना होता, तो भाताच्या शिताएवढा.

पेटीच्या कडेला बारीक अक्षरात माप छापलं होतं, एकास चोवीस. मी मनात हिशेब केला. फुटाचे इंच बारा, अर्ध्या इंचाचे भाग चोवीस. अर्धा इंच म्हणजे चार सूत. माझंच माप होतं ते. दोन वर्षं भाकरीच्या सुट्टीत उन्हात उभा राहून मी जे शोधलं असं समजत होतो, ते कुणीतरी पेटीत भरून, वर चित्र लावून विकत होतं. आणि ते ज्याच्या घरी आलं होतं त्याला फाळका कशाला म्हणतात हेही मी सांगितलं होतं.

"तुझं इंग्रजी चांगलं," मित्र म्हणाला. "तू सूचना वाच, मी जोडतो."

त्यात त्याचं काही चुकलं नाही. पेटी त्याची होती. इंग्रजीत माझा नंबर वर असायचा हेही खरं. पण पटाशी धरणारे हात माझे होते आणि त्यांत कागद आला होता. ट्रक त्याच्या हातात होता, ज्याला साधी पेन्सिल नीट तासता येत नव्हती.

पहिल्याच ओळीला आम्ही अडलो. कागदावर लिहिलं होतं, इंजिनाचे दोन भाग एकमेकांना सिमेंट करा. पुढे प्रत्येक ओळीत सिमेंट. अमुक सिमेंट करा, तमुक सिमेंट करा.

"सिमेंट? घराचं?" मित्राने विचारलं.

"तसंच लिहिलंय."

अमेरिकेत प्लॅस्टिकही सिमेंटने बांधत असतील, असं आम्हा दोघांना खरंच वाटलं. मामा कुणाला तरी भेटायला कागलला गेले होते, विचारणार कुणाला? मी सायकल काढून शेडवर गेलो आणि आप्पांना म्हटलं, थोडं सिमेंट पाहिजे.

"कशाला?"

"ट्रक बांधायला."

आप्पांनी हातातला रंधा खाली ठेवला. "ट्रक हाय का मोरी हाय ती? अन् सिमेंटला परमिट लागतंय लेका, सरकारात अर्ज टाक. लिवावं, आमचा ट्रक गळतोय म्हनून!"

शेजारच्या गिलाव्याच्या कामावरून तरीही मी मूठभर सिमेंट कागदात बांधून नेलंच. आम्ही वाटीत कालवलं आणि दोन भागांना लावून वाळत ठेवलं. तासाभराने मित्राने उचललं तर त्याचे दोन तुकडे खाली आणि हातात नुसती राखाडी वडी. त्याची आई दारात उभी राहून हसून हसून खाली बसली. "अरे बाळांनो, माझी वाटी गेली ना कामातून!" तेव्हा कुठे पेटीच्या कोपऱ्यात एक करंगळीएवढी नळी सापडली. तिच्यावर सिमेंट असंच लिहिलं होतं. आत चिकट, पातळ डिंकासारखं काहीतरी होतं आणि त्याला पिकल्या केळ्यासारखा वास होता. आम्ही दोघं खूप हसलो. ते हसू खरं होतं, हेही नोंदवून ठेवतो. माझ्या मनात सारखा हेवाच होता असं नाही.

मग तीन दिवस काम चाललं. मी वाचायचो, तो जोडायचा. जोडणं एकदा तरी माझ्या हातात येईल असं मला वाटत होतं. एकदा मी केबिनचं दार धरायला हात पुढे केला तर तो घाईने म्हणाला, "थांब थांब, मला करू दे." लहान मूल आपल्या ताटातला लाडू झाकतं तसा तो म्हणाला. त्यात अपमान नव्हता. मला तो झाला.

तिसऱ्या दिवशी चाकं आली. सातवी आकृती. मी मोठ्याने वाचलं, आस सांगाड्याच्या खाचेत सिमेंट करा, चाकं आसाच्या टोकांना लावा. त्याखाली जाड अक्षरात आणखी एक ओळ होती. चाकांना सिमेंट करू नये.

ती ओळ मी पाहिली, मला ती कळली, आणि मी वाचली नाही.

फार विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. घशापर्यंत आलेली ओळ मी गिळली आणि आठव्या आकृतीवर गेलो. तो नळी दाबून आसाच्या टोकाला डिंक लावत होता. आप्पांच्या शेडमधलं एखादं लहान पोरही हात धरून म्हणालं असतं, चाक चिकटवतोस का रे? मी बघत राहिलो. त्याने चारी बाजूंनी नीट, मन लावून लावलं. त्याचं त्या तीन दिवसांतलं सगळ्यांत स्वच्छ काम तेच होतं.

संध्याकाळी त्याने ट्रक जमिनीवर ठेवून ढकलला. ट्रक फरशीवर घासत गेला आणि एका बाजूला कलंडला. चाकं जागची हलली नाहीत. त्याने पुन्हा ढकलला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्याच हाताला अक्कल नाही. तू बघ ना जरा."

इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो ते असं माझ्या हातात आलं. किती हलका होता तो ट्रक! मी चाक फिरवायचा प्रयत्न केला, म्हणजे केल्यासारखं दाखवलं, आणि परत दिला.

"माझा आण ना तुझ्या खोलीतला," मी म्हटलं. माझा लाकडी ट्रक त्याने मॅट्रिकच्या सुट्टीपासून त्याच्याकडेच ठेवून घेतला होता. तो आणून मी फरशीवर सोडला. भिंतीपर्यंत सरळ गेला. त्याची आई म्हणाली, "बघ, ह्याचा कसा पळतो!" मित्रही म्हणाला, "ह्याचा पळणारच."

मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला पुढे जितका त्रास झाला तितका न वाचलेल्या ओळीचाही झाला नाही. जाताना मी माझा ट्रक काखेत मारून घरी घेऊन आलो. त्याने दारापर्यंत येऊन विचारलं, "नेतोस?" मी म्हटलं, "हो, जरा काम आहे त्याच्यावर." काही काम नव्हतं.

त्याचा लाल ट्रक काचेच्या कपाटात वरच्या खणात गेला. पाहुण्यांना दाखवताना तो म्हणायचा, चाकं माझ्याकडून बिघडली. दर वेळी हेच शब्द. मी शेजारी बसून चहा प्यायचो. मामांनी दुसरी पेटी पाठवू का असं पत्रातून विचारलं, तेव्हा त्याने नको म्हणून कळवलं, मला जमत नाही. सांगायची संधी तेव्हा होती. चौकात, पानाच्या दुकानापाशी, रंकाळ्यावर बसलो असताना, कितीतरी वेळा होती. इंटर सायन्स झाल्यावर तो मामांकडे अमेरिकेला शिकायला गेला. स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा मला त्याच्या नव्या सुटकेसचाही हेवा वाटला. सांगायचं ते राहिलंच.

यंदा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. परवा आप्पा हत्यारांच्या पेटीत काही शोधत होते. पटाशांच्या खालून त्यांनी एक पातळ निळा कागद काढला.

"हे आलतं बघ मागं कवातरी. विंग्रजीत हाय म्हनून मला वाटलं सरकारी आसंल. सिमेंटच्या परमिटाचं!" आणि स्वतःच हसले.

पत्ता शेडचा होता, वर इंग्रजीत. आत मराठी होतं, मित्राच्या अक्षरात. पोस्टाच्या शिक्क्यावरून दोन महिने उलटून गेले होते. मी ते रंध्याच्या भुश्यात उभा राहून वाचलं. वाचताना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेवाच, अजूनही. बाकीचं सगळं नंतर. उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. जे त्यात लिहायला हवं ते इथे लिहून पाहिलं. आता हाच कागद त्याला पाठवावा म्हणतो.

त्याने सुरुवातीला थंडीचं आणि जेवणाचं लिहिलं होतं. मग असं होतं:

"एक गंमत सांगायची राहिली. इथल्या एका दुकानात आपली ती पेटी दिसली, तीच, लाल. घेतली. या वेळी वाचायला तू नव्हतास, म्हणून मीच सगळं वाचलं. सातव्या आकृतीखाली एक ओळ आहे, चाकांना सिमेंट करू नये. आपण दोघंही गाढव! तुझ्यासारख्याच्या नजरेतून सुटली, मग माझं काय. इतकी वर्षं मी माझ्या हातांना उगाच बोल लावत होतो. काल रात्री गाडी पुरी झाली. टेबलाच्या या टोकावरून सोडली, ती त्या टोकापर्यंत गेली. अगदी तुझ्या गाडीसारखी."