पायातल्या वहाणा

कॉलेजातल्या पहिल्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी वहाणा काढल्या आणि हातात घेऊन आत गेलो. गावात चावडीवरून जाताना आम्ही महारवाड्यातली माणसं असंच करायचो. पुण्यात मला कुणी काढ म्हटलं नव्हतं. पायांनाच ती खोड जडलेली. वहाणा मांडीवर धरून शेवटच्या बाकावर तास ऐकला. ऐकला कसला, पुढच्या बाकांवरचा हशा तेवढा ऐकला. फी माफ होती, दार उघडं होतं, आणि तरीही मी दिवसभर चावडीसमोरच होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भोरात एक खोली मिळवली. आमच्यातली तीन मुलं मॅट्रिक होऊन जूनमध्ये त्याच कॉलेजात जाणार होती. त्यांना मी इंग्रजी शिकवायचो, पण खोलीचा पहिला नियम वेगळाच होता: वहाणा काढायच्या नाहीत. पुढे बसायचं, नजर वर ठेवायची, कळलं नाही तर मध्येच थांबवून विचारायचं. सुरुवातीला तिघं घामाघूम व्हायचे. पुढे मात्र माझ्याशीच हुज्जत घालू लागले, तेव्हा मला कोण आनंद झाला!

त्यातला एक वेल्ह्याकडचा, सगळ्यांत लाजाळू. तो एका रविवारी घरी गेला आणि बोलण्याच्या नादात चावडीवरून वहाणा घालूनच गेला. गावाने त्याला बडवलं. घराचं बलुतं बंद केलं, म्हणजे वर्षाचं धान्यच तोडलं. माणसाला ताठ चालायला शिकवलं की तो सगळीकडेच ताठ चालतो. कॉलेजपुरतं असं काही शिकवता येत नाही.

मग त्याचा बाप त्याला घेऊन खोलीच्या दाराशी आला. पोराचा ओठ फाटलेला. आता शिक्षण संपलं, असंच मला वाटलं. 

"मामा, आत या," एवढंच म्हणालो.

ते बाहेरच थांबले. "मास्तर, पाटलाच्या पाया पडून आलोय. ह्यालाबी पड म्हनलं. न्हाई पडला. आता ह्याला वाकता यायचं न्हाई. तुमी घेऊन जावा पुन्याला."

"नेतो की. दिवाळीच्या सुट्टीत परत..."

"न्हाई. सुट्टीत बी घरी धाडू नका," ते म्हणाले. "ह्याची आई वाट बगंल. तिला म्या सांगंन कायतरी."