चुलतसासऱ्यांनी काढून दिलेला स्टुडिओ

माझ्या चुलतसासऱ्यांनी जन्मात एकही धंदा केला नव्हता, आणि त्यामुळेच जगातल्या यच्चयावत धंद्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. धंदा करणाऱ्या माणसाला आपला एकच धंदा कळतो, तोही बुडाल्यावर. यांना सगळे धंदे ते निघायच्या आधीपासून कळत. निजामाच्या अमदानीत ते तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते. संस्थान विलीन झालं, दफ्तरं उर्दूतून मराठीत आली, काका यथावकाश पेन्शनीत निघाले. पण लोकांची कामं मार्गी लावायची सवय काही पेन्शनीत निघाली नाही. वाशीच्या बाजारात शेळी घेणाऱ्याला ते शेळीचे दात तपासून देत, विहीर खणणाऱ्याला पाणी कुठं लागेल ते छत्रीच्या टोकानं दाखवत, आणि एकदा उमरग्याला दाढ काढून घ्यायला गेले असताना दवाखान्याचं दार पूर्वेला का असावं, हे त्यांनी डॉक्टरला तोंड उघडं ठेवूनच समजावून सांगितलं होतं. दाढ तशीच राहिली. दार मात्र डॉक्टरनं पुढं खरंच बदलून घेतलं.

मी तेव्हा वाशीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. सोलापूरच्या एका हौशी वकिलानं विकायला काढलेला टेपरेकॉर्डर माझ्या नजरेस पडला आणि माझं डोकं फिरलं. दोन मोठाल्या चकत्या, मधून पळणारी तपकिरी फीत आणि बोललेलं जसंच्या तसं परत ऐकवणारं ते धूड मी घरी आणलं. गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्यांकडं तेव्हा अशी मशीनं नुकती येऊ लागली होती, आणि जत्रेत, लग्नात लावायला त्यांना आपल्याकडची भजनं, पोवाडे, गोंधळ हवे होते. ते ध्वनिमुद्रित करून द्यायचे, असा माझा बेत होता. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "करा काय करायचं ते. फक्त आमच्या काकांच्या कानावर जाऊ देऊ नका." दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे होते. भर वैशाखात अंगात बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री.

"बसा, जावईबापू," माझ्याच घरात मला पाट देत ते म्हणाले. "हा मामला उभ्यानं ऐकायचा न्हाय."

काकांनी तोवर टेपरेकॉर्डर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ कसा काढावा, यावर ते जेवणाची पानं मांडीपर्यंत बोलले, आणि खोटं कशाला बोला, त्यातलं बरंचसं पुढं खरं ठरलं. "भांडवलाचे तीन वाटे करा," ते म्हणाले. "एक मशीनला, एक खोलीला आणि एक आपल्या मूर्खपणाला. तिसरा वाटा बाजूला न काढता जो धंद्यात पडतो, तो मूर्खपणाही उधारीवर करतो." मग ते म्हणाले, गाणाऱ्याकडून इसार आधी घ्यायचा, कारण गाऊन झाल्यावर माणसाचा हात खिशाकडं न जाता कानाकडं जातो. भजनी मंडळाला उधार द्यायचं नाही, ते वसुलीसाठी देवाकडं बोट दाखवतात. चहा बिनदुधाचा द्यायचा. गळ्याला बरा असतो आणि दूधही वाचतं. त्यांचा हिशेब मात्र फार गोड होता. निजामाचं हाली नाणं आणि इंग्रजी कलदार रुपया यांत त्यांची निम्मी हयात गेलेली. कलदार मोलानं जड, हाली थोडं हलकं. चलनातून हाली उठलं तरी काका खर्च मांडताना कलदारात मांडायचे आणि उत्पन्न हालीत, त्यामुळे उत्पन्नाचा आकडा आपोआप फुगायचा आणि कागदावर आमचा धंदा सुरू होण्याआधीच नफ्यात असायचा.

त्या दिवसापासून काकांना टाळ्यांचा नाद लागला. खोली घुमते की नाही, हे टाळी वाजवून कळतं, असं मीच बोलता बोलता सांगून बसलो होतो. मग काका जातील त्या घरी आधी टाळी वाजवून बघू लागले. देवळात वाजवली तर कुणाला वावगं वाटलं नाही, पण ते पोस्टात वाजवू लागले, सरकारी दवाखान्यात वाजवू लागले. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, सगळे अदबीनं गप्प झाले, आणि त्या शांततेत काकांनी तीनदा खणखणीत टाळी वाजवली. मुलीच्या वडिलांना वाटलं, पसंती झाली. त्यांनी तिथल्या तिथं साखर वाटायला घेतली. आता साखर तोंडात पडल्यावर नाही कोण म्हणणार? लग्न झालं, संसारही उत्तम झाला. काका मात्र त्या घराचा विषय निघाला की मान हलवत म्हणायचे, "माणसं लाख मोलाची. पण खोली फार घुमते."

अशा टाळ्या वाजवत वाजवत त्यांनी माझ्या स्टुडिओसाठी जागा शोधून काढली ती तेरखेड्यात. एका व्यापाऱ्याचं जुनं गोदाम, जाड दगडी भिंती, भाडं नावाला. मी म्हणालो, "काका, तेरखेड्यात? तिथं तर घरोघर फटाके होतात."

काकांनी माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "फटाके वाजतात कधी? दिवाळीला. करतानाच वाजले तर करणारा उरेल काय, जावईबापू? फटाके करणाऱ्या गावाइतकं जपून, हळू आवाजात वागणारं गाव दुसरं मिळायचं न्हाय."

मी वाशीचं दुकान बंद केलं आणि तेरखेड्याला बिऱ्हाड हलवलं. विजेचा भरवसा नव्हता म्हणून ट्रकच्या बॅटऱ्यांवर मशीन चालवायची जोडणी केली. आवाज अडवायला भिंतींना काय लावायचं, हेही काकांनीच ठरवलं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचायच्या आणि वरून गोणपाट शिवायचं. खरोखर फार छान झालं. आतला आवाज असा मऊ यायला लागला, की मी काकांना मनातल्या मनात नमस्कार केला. चार दिवस गावाला जाऊन आलो, तर दक्षिणेकडची भिंत मालकाच्या म्हशीनं खाल्ली होती. काका डगमगले नाहीत. "हा तिसऱ्या वाट्यातला खर्च," असं म्हणून त्यांनी सगळ्या नातलगांकडून गोधड्या गोळा केल्या. त्या हिवाळ्यात माझी निम्मी सासुरवाडी घोंगड्यांवर निजली, कारण त्यांच्या गोधड्या ध्वनिमुद्रण करत होत्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून जवळच्या गावचे एक पाटील आले. गळा पहाडी, पंचक्रोशीत भजनाला नावाजलेले. काकांनी इसार घेतला, बिनदुधाचा चहा दिला. पाटलांनी डोळे मिटले, आलाप लावला, आवाज चढत चढत वरच्या षड्जाला भिडला, आणि बाहेर धाडकन बार उडाला. पाटलांचा षड्ज जागच्या जागी बसला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की फटाका करताना वाजत नाही हे खरं. पण केल्यावर तो वाजतो की नाही, हे बघावं लागतं. शेजारच्या कारखान्यात तयार मालाच्या दर खेपेतला एखादा नग ओट्यावर ठेवून उडवून बघत. दिवसभर आम्ही गाणं सुरू करत होतो आणि ते खेप तपासत होते. सूर्य मावळता मावळता एक भजन कसंबसं बिनधोक मिळालं. मी फीत ऐकवली. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणारे पाटील आधी चकित झाले, मग लाल झाले.

"ह्यो कोन रेकतोय?"

"तुम्हीच, पाटील."

"म्या? ह्यो म्या न्हाय! तुमच्या मशिनीत दुसराच कोन तरी बसलाय." आणि ते उपरणं झटकून निघून गेले. इसार तेवढा राहिला.

माझा मात्र धीर सुटला. चालतं दुकान बंद झालेलं, पुंजी त्या मशीनमध्ये अडकलेली. मी काकांवर पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुमच्या सल्ल्यापायी मी देशोधडीला लागलो, काका!"

काका रागावले नाहीत. "खामखा घाबरता," म्हणाले, आणि छत्री घेऊन शेजारच्या कारखान्यात गेले. मालक मोठे दिलदार गृहस्थ होते, पण अडचण त्यांचीही होती. "काका, माल वाजवून न्हाय बघितला, तर गिऱ्हाईक आमाला वाजवंल की!" ते म्हणाले. काकांनी जन्मभर दोन भांडणाऱ्या पक्षांचे कागद हाताळलेले. त्यांनी तह करून आणला. गाणं सुरू असलं की आम्ही छपरावर लाल फडकं लावायचं, ते असेतो कारखान्यात बार उडवायचा नाही. बदल्यात जत्रेत लावायला मालकाच्या मालाची तारीफ करणारी एक फीत आम्ही फुकट करून द्यायची. ती तारीफ काकांनी स्वतः लिहिली. ती इतकी लांब झाली, की ऐकून संपेपर्यंत जत्रा उठायची.

गाडी खरी रुळावर आली ती मात्र वेगळ्याच वाटेनं. एका गावची नाटकमंडळी हळहळत आली. त्यांच्या ऐतिहासिक नाटकात तोफा होत्या; पडद्यामागं खरा बार उडवायला गेले आणि पडदा पेटला, गड पडायच्या आधीच सरदार रंगमंचावरून खाली उतरले. त्यांना आग न लागणाऱ्या तोफा पाहिजे होत्या. आणि माझ्याकडं काय कमी होतं? पाटलांच्या भजनाच्या वाया गेलेल्या सगळ्या फितींत एकापेक्षा एक तोफा भरलेल्या होत्या. मी त्या तेवढ्या काढून जोडून दिल्या. मागं षड्जाचं शेपूट राहिलं होतं, ते त्यांनी जखमी सैनिक म्हणून चालवून घेतलं. बोलता बोलता आसपासची नाटकमंडळी तोफांसाठी तेरखेड्याची वाट धरू लागली. गाण्यांना गिऱ्हाईक मिळण्याआधी माझं घर तोफांनी चालवलं. काका येईल त्याला सांगत, "उगाच घेतली न्हाय ही जागा." हे म्हणताना ते इतके गंभीर असत, की पुढं पुढं मलाही शंका येऊ लागली.

काकूंना गळा होता, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं माहीत नव्हतं. काकांच्या घरात दुसऱ्या कुणाचा आवाज निघायला सवडच नसे. एका दुपारी काका त्यांना घेऊन स्टुडिओत आले. रिवाजाप्रमाणं इसार टेबलावर ठेवला. मी नको म्हणालो, तर डोळे वटारले. "हिच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्यात," ते म्हणाले. "गिरणी आल्यापासनं जातं बंद पडलं, ओव्याही गेल्या. परवा ही झोपेत काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, जाताहेत त्या धरून ठेवाव्यात."

काकू पदर सावरून बसल्या. माइककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे इथं बसले तर मला एक ओळ आठवायची न्हाय. मधेच म्हणतील, पीठ जाडं पडतंय."

काका छत्री घेऊन उठले आणि बाहेर गेले.

काकूंनी उजवा हात पुढं केला, जात्याचा खुंटा धरावा तशी मूठ वळली, आणि हवेतच सावकाश हात फिरवत त्या म्हणू लागल्या. आवाज बारीक होता, थोडा थरथरत होता, पण सुराला पक्का. माहेरची वाट, भावाची गाडी, तुळजापूरचा डोंगर, एकेक ओवी येत राहिली. कितीतरी वेळानं त्या थांबल्या, तेव्हा मी मशीन बंद केलं आणि दार उघडलं. दारात कारखान्याचे मालक घाम पुसत उभे होते.

"साहेब, तुमच्या सासऱ्यांना उठवा की! मघाधरनं माल खोळंबलाय. उठा म्हटलं तर बोलतबी न्हाईत. म्हातारा मुका झाला का काय?"

मी छपराकडं पाहिलं. वाऱ्यानं लाल फडकं उडून गेलं होतं. तिकडं कारखान्याच्या अंगणात, बार उडवायच्या ओट्यावर, उन्हात छत्री उघडून काका बसले होते. आजूबाजूला कामगार हात बांधून उभे. मला बघताच काकांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. "झालं, काका," मी म्हणालो, तेव्हा कुठं ते उठले.

आत येऊन ते कोटाची बटणं लावून ताठ बसले. मी फीत मागं घेऊन सुरू केली. हळूहळू ते पुढं वाकत गेले. एका ओवीत कचेरीतून घरी यायला उशीर करणारा धनी होता. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत उभा राहायचा, इकडं ताटातली भाकरी निवून जायची, आणि तरी ती बाई त्याच्यावर रागवत नव्हती, नुसती उंबऱ्यात उभी होती. ती ओवी संपली तसा काकांनी हात वर केला. मी मशीन थांबवलं.

"ही कधी रचली?" त्यांनी विचारलं.

"लई जुनी आहे. नवीन नवीन नांदायला आले तवाची."

"मला कधी ऐकू आली न्हाय."

"तुम्ही बोलत होता," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

त्यानंतर काकू तीन-चार वर्षं होत्या. त्या गेल्यावर काका अधूनमधून वाशीहून एकटेच यायचे, खुर्ची मशीनजवळ ओढायचे आणि ती फीत लावायला सांगायचे. कुणी गिऱ्हाईक आलं, धंद्यातलं काही विचारू लागलं, किंवा मीच चहाचं विचारायला तोंड उघडलं, की ते हातानं थांबवायचे.

"जरा दम धरा, जावईबापू," म्हणायचे. "ती म्हणतेय."