आगाशिवच्या लेण्यात मी बसवलेला देव

आगाशिवच्या डोंगरावर एका लेण्यात एक देव आहे. तो मी बसवला. आता कराड शहर वाढत पायथ्याला टेकलं आहे, सुटीला माणसं मोटारींतून लेणी बघायला येतात. त्यांतल्या कुणी त्या देवापुढे हात जोडले की मला तोंड लपवावंसं वाटतं.

लढाईची वर्षं होती. थोरला भाऊ पलटणीबरोबर ब्रह्मदेशात, आणि कित्येक दिवस पत्र नव्हतं. वहिनीचं मन रमावं म्हणून आईने आम्हा दोघांना शेजारच्या काकूंबरोबर बैलगाडीने लेणी बघायला धाडलं. मी सांगलीला कॉलेजात होतो, त्यामुळे फार शहाणा होतो. वहिनी दिसेल त्या दगडाच्या पाया पडते म्हणून तिला चिडवायचो. त्या दिवशी पायथ्याच्या मारुतीचा तेलातला शेंदूर पानात घेतला, पुढे पळालो आणि लेण्यात पडलेल्या एका धोंड्याला फासला. वर रुईची दोन फुलं. तिने हात जोडले की हसायचं, एवढाच बेत.

तिने हात जोडले, आणि तिथेच बसून म्हणाली, "त्यांस्नी सुखरूप आण. तवर गुळाचा खडा तोंडात घालणार न्हाई."

हसायचं सोडून मी शेंदराची बोटं धोतराला पुसली. काकूंनी नवसाची ही गोष्ट गावभर केली.

आमचं घर उसाचं. गुऱ्हाळात गरम काकवीत बोट घालून आईची बोलणी खाणारी वहिनी आता बिनगुळाचा चहा पिऊ लागली. खरं सांगायला मी कितीदा तिच्यापाशी गेलो आणि पाणी मागून परत आलो. नवस मोडला आणि भावाचं काही बरंवाईट झालं तर? मीच फासलेल्या धोंड्याला मी भिऊ लागलो होतो.

भाऊ आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही नवस फेडायला डोंगर चढू लागलो. भाऊ पुढे, मागे वहिनी, आणि गुळाची ढेप माझ्या डोक्यावर. अर्ध्या चढावर मला राहवेना. वहिनीला सगळं सांगून टाकलं.

"आवं भावजी, त्या दिवशी तुमचं धोतर धुतलं कुणी?" ती म्हणाली. "शेंदूर निघता निघंना."

"मग गूळ कशापायी सोडला?"

"मागून बसले व्हते. माघारी कसं घेऊ?" मग पदराआड हसली. "आन माझ्याम्होरं गूळ खाताना तुमी मान खाली घालायचा. ते बघून लय बरं वाटायचं."

मी ढेप खाली ठेवली, वाकून तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, "वैनी, चुकलं माझं."