गर्दीत न मोजलेले फोन

बोईसरकडच्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी होतो, तेव्हा माझं काम फोन लावण्याचं नव्हतं, मोजण्याचं होतं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. कोणीही नंबर फिरवला की, लागो न लागो, एक्स्चेंजमधून त्याच्या नोंदीची एक ओळ निघायची आणि शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये जायची. महिनाअखेरीला अहवाल वर जायचा. मुंबईच्या लाइनी वाढवायच्या की नाहीत ते त्यावर ठरे. दर महिन्याला उत्तर एकच: गर्दी नाही, लाइनी पुरेशा आहेत.

इकडे लोक आमच्या नावाने बोटं मोडत होते. सगळ्यांत जास्त एक कोळीण. पाम गावाच्या पुढे समुद्राकाठी तिचा एसटीडी बूथ होता. सकाळी होड्या लागल्या की मुंबईचा मासळीचा भाव विचारायला तिच्याकडे रांग लागे, आणि नेमका तेव्हाच फोन लागत नसे. गिऱ्हाईक वैतागून निघून जाई. तिच्या घरचे म्हणू लागले, बाईमाणसाला मशीन जमत नाही, पावसाळा सरला की बूथवर दीर बसेल. ती तक्रार घेऊन आली की आमचे साहेब तिच्यापुढे अहवाल धरत आणि लाइनी रिकाम्या आहेत म्हणून सांगत.

"सायेब, मी खोटं बोलते काय?" तिने एकदा मला विचारलं. "बोटं दुखली लावून लावून. लायन भेटत नाय."

मी तिला चहा विचारला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग एका सकाळी मी त्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसलो. आमच्या साहेबांचा नियम होता की प्रत्येक ओळ कागदावर उमटली पाहिजे. कागदावर नाही ते झालंच नाही, असं त्यांचं मत. प्रिंटरची करकर चालू असली की काम चालू आहे असं वाटून त्यांना बरं वाटे. दसऱ्याला झेंडूचा हारसुद्धा कॉम्प्युटरला नाही, प्रिंटरला. बघतो तर, गर्दी वाढली की हा प्रिंटर मागे पडायचा, कॉम्प्युटर त्याच्यासाठी थांबायचा, आणि तेवढ्यात येणाऱ्या ओळी वाऱ्यावर जायच्या. म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितकी मोजणी कमी. असला आंधळा कारभार मी महिनोन्‌महिने सही करून वर पाठवत होतो. मला स्वतःचाच संताप आला.

प्रिंटर बंद करायला साहेब तयार होईनात. त्यांची मनधरणी करण्यातच उन्हाळा गेला. शेवटी तासाला एकदा फक्त बेरीज छापायची, यावर तडजोड झाली. बाकीचं मी गुपचूप केलं. कॉम्प्युटर एकेक ओळ आली की फाइल उघडून लिहायचा आणि बंद करायचा. मी त्याला ओळी साठवून एकदम लिहायला लावलं. पडद्यावर सेकंदासेकंदाला बदलणारं घड्याळ होतं, तेही काढलं. छाटत छाटत एकही ओळ गळेनाशी झाली. खोली शांत झाली, तेव्हा साहेबांनी दोनतीनदा येऊन मशीन बंद पडलंय का विचारलं.

नव्या अहवालात सकाळचे आकडे भरभक्कम होते. वरून विचारणा आली की आकडे अचानक कसे फुगले, मशीन तपासा. तपासलं, कळवलं. पुढच्या महिन्यात परत तेच. खरं बोलण्याचासुद्धा कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं. लाइनी आल्या, पण पावसाळा सरल्यावर. बूथवर दीर बसायला लागला होता.

मी एसटीने तिच्या बूथवर गेलो. रांगेतल्या माणसांचे फोन भराभर लागत होते. दिराने मला खुर्ची दिली, थंडा मागवला. एक म्हातारा म्हणाला, पोराच्या हाताला गुण आहे, तो बसला नि फोन लागायला लागले. मी त्यांना लाइनींचं, अहवालाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि पुन्हा दिराच्या हाताबद्दल बोलू लागले.

ती मागे काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मी सांगितलं की ती खरं बोलत होती, आमचं मशीनच तिचे फोन मोजणीतून गाळत होतं.

"ते मला ठाव होतं," ती म्हणाली. "तिकडं सगल्यांना सांगितलं काय तुमी?"

सांगितलं, म्हटलं.

"मंग काय बोलले?"

तिने पुढचा बोंबील उचलला.

"मी उठले नि लायन आली, सायेब. मंग तसंच बोलणार ना ते."