मेंढरं हितलीच

ऊस तुटला की खतासाठी आम्ही रानात मेंढरं बसवतो. माण तालुक्याकडची एक मेंढपाळ बाई दरवर्षी कळप घेऊन येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा निघताना ती घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती. वर कोंबड्या, पिशवीतून डोकावणारं कोकरू. गाठ मारताना दोरीचं टोक ती दातात धरायची.

भाकरी द्यायला आलेल्या आईनं तिच्यापुढं माझं गाऱ्हाणं मांडलं. ‘पोरगी पोर्तुगालला निघाली. कसली परत येतीय आता.’

डिजिटल नोमॅड व्हिसा समजावून मी थकले होते. तरी पुन्हा सांगितलं, नोकरी पुण्यातलीच, लॅपटॉपवरची. फक्त वर्षभर राहायचं तिकडं.

बाईनं दातातली दोरी सोडली. ‘म्हंजी मेंढरं हितलीच, चाराय तेवढी तिकडं न्ह्यायची. आवं वैनी, आमचं बी तसंच की. आमी काय माण सोडलंय व्हय?’

मग चुलीचे तीन दगड तिनं पुढच्या वर्षासाठी बांधाला नीट लावून ठेवले. आई त्या दगडांकडं बघत राहिली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. घराकडं परतताना म्हणाली, ‘तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का गं?’