सात नंबरच्या थप्प्या

घडीखात्यात मुकादमाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो काही जन्मजात गरीब गाय नव्हता. त्याला कारण होता त्याचा पहिला मुकादम. एकविसाव्या वर्षी हा गडी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात वाफेच्या यंत्रांवर लागला. तेव्हाचा मुकादम यंत्रांच्या घरघरीच्या वर आवाज काढून माणसांच्या आईबापांचा उद्धार करायचा. एकदा तर त्यानं ओली, वाफाळती चादर याच्या तोंडावर फेकली, सगळ्यांदेखत. चटका दोन दिवसांत गेला. सगळेजण खाली मान घालून काम करत राहिले, ते मात्र गेलं नाही. त्या दिवशी यानं कानाला खडा लावला : कधी ती खुर्ची मिळालीच, तर माणसावर ओरडायचं नाही.

खुर्ची मिळायला एकोणीस वर्षं लागली. नंतरची बारा वर्षं त्यानं शब्द पाळला. पण न ओरडता माणसाकडून काम कसं करून घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काही बिनसलं की तो टेबलापाशी येऊन नुसता उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि निघून जायचा. बायका म्हणायच्या, "मुकादम खोकून गेले. आवरा गं."

खात्यात दहा बायका. काम एकच, ऑपरेशनच्या खोलीत घालायचे हिरवे झगे. धुऊन, वाळून आलेला झगा उलटा करायचा, आतली बाजू वर येईल अशी घडी घालायची, म्हणजे पुढे निर्जंतुक झाल्यावर डॉक्टरनं आत हात घालून तो चढवला की बाहेरच्या बाजूला कुणाचं बोट लागत नाही. दहा झग्यांची एक थप्पी. दिवसाला एका बाईचे एकशे चाळीस झगे व्हायला हवेत असा नियम होता. बहुतेकींचे एकशे साठ व्हायचे.

मावशीचे होत नव्हते. मावशी म्हणजे सगळ्या खात्याची मावशी, वय अठ्ठावन्न. खात्यातल्या निम्म्या बायकांना घडी तिनंच शिकवलेली. तिचा झगा ऑपरेशनच्या खोलीतून चुकीचा म्हणून कधी परत आला नव्हता. पण वर्षभरात तिचा हात मंदावला होता. मुकादमाच्या अंदाजानं एकशे दहावर आला होता. मुलगा कामासाठी लांब निघून गेल्यापासून बाईचं मन उडालंय, असं मुकादमानं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

अशात धाकट्या साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब तिशीतले, वाईट नव्हते. वरून आलेलं खाली ढकलायची नोकरी होती त्यांची.

"मुकादम, दोन महिन्यांनी यादी जाणार आहे. एकशे चाळीसच्या खाली असतील त्यांना कमी करायचंय. आत्तापर्यंत एकेकीचं मोजलं नाही, पण आता मोजावं लागेल. कोण आहे तसं?"

"बघून सांगतो, साहेब," मुकादम म्हणाला.

"आणि हे दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, जाऊन या. माणसांना कामाला कसं उद्युक्त करायचं, ते शिकवतात."

प्रशिक्षण गार खोलीत होतं, प्रत्येकापुढे वही आणि पाण्याची बाटली. शिकवणारी बाई मुकादमाच्या थोरल्या मुलीएवढी, पण बोलणं खणखणीत. तिनं पडद्यावर एक त्रिकोण दाखवला. मुकादमाला ती मडक्यांची उतरंड दिसली. सगळ्यात खाली पोटाचं मडकं, त्यावर उद्याच्या भरवशाचं, त्यावर आपल्या माणसांचं, त्यावर मानाचं, आणि टोकाला स्वतःच्या फुलण्याचं. मग ती म्हणाली, पगार, पंखा, स्वच्छ संडास यांनी माणसाची कुरकूर थांबते, पण काम करावंसं वाटत नाही. ते वाटतं कौतुकानं, जबाबदारीनं, कामात रस असला की. पुढे म्हणाली, माणूस अंग मोडून काम करतो ते कधी? केलं तर जमेल अशी खात्री असेल, आणि जमलं तर हवं ते मिळेल असा विश्वास असेल, तेव्हा.

मुकादमानं सगळं उतरवून घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओरडण्यावाचूनची वाट दाखवत होतं. परत येताना त्याला आपण तरुण झाल्यासारखं वाटलं.

घरी बायकोला त्यानं बेत सांगितला. प्रत्येकीला एक नंबर, सगळ्या नंबरांचे पत्र्याचे बिल्ले एका सामाईक पेटीत, थप्पी गाडीत टाकताना तिच्यावर जिचा-तिचा बिल्ला ठेवायचा. महिनाअखेर बोर्डावर आकडे, आणि पहिल्या नंबराचा फोटो.

"फोटो?" बायको म्हणाली. "अहो, माझ्या हातचं तीस वर्षं जेवताय. माझा कधी लावणार? का मी गेल्यावर?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"बरं राहिलं. आणि जी खाली राहील तिचं काय?"

"खाली कुणी राहणारच नाही. मान मिळणार म्हटल्यावर मावशीसुद्धा उठेल बघ."

बायकोनं त्याच्या ताटात भाजी वाढली.

खात्यात भिंतीला बोर्ड लागला. मुकादमानं हौसेनं त्यावर पडदा सोडला, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत कुणाला आकडा कळू नये, सगळ्यांची उत्सुकता टिकावी. संध्याकाळी थप्प्यांच्या सामाईक ढकलगाड्या बाहेर पडताना तो एकटा बिल्ले गोळा करायचा आणि वहीत मांडायचा. पहिल्याच दिवशी सात नंबरचे वीस बिल्ले आले. सात नंबर मावशीचा. वीस थप्प्या, म्हणजे दोनशे झगे.

त्यानं पुन्हा मोजले. वीसच. क्षणभर मनात पाल चुकचुकली. पण शंकेपेक्षा उतरंड जास्त गोड होती. बघा, त्यानं स्वतःला सांगितलं, मानाचं मडकं रिकामं होतं बिचारीचं! दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी वीस. मग त्यानं पुन्हा मोजायचंही सोडलं. मावशीच्या टेबलापाशी जाऊन दहा मिनिटं उभा राहिला असता तरी कळलं असतं. पण त्याला वाटलं, आता खोकायला नको, बाई रंगात आलीय.

महिनाअखेर साहेब स्वतः आले. पडदा दूर झाला. सगळ्यात वर सात नंबर, दोनशे. खाली नऊजणी, दीडशेच्या आसपास. मुकादमानं मावशीचा फोटो चिकटवला आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. बायकांनी वाजवल्या, पण कशा, तर हाताला पीठ लागलंय आणि ते झटकतायत अशा. मावशी बोर्डाकडे बघत उभी होती. साहेबांनी दिलेला कागद तिनं घेतला आणि उलटा धरला.

"बघा," साहेब उत्साहानं म्हणाले, "अठ्ठावन्नाव्या वर्षी यांचे दोनशे होतात! मग तरण्याताठ्यांचे एकशे ऐंशी का होऊ नयेत? एक तारखेपासून नियम एकशे ऐंशीचा करू या."

साहेब गेले. बायकांत कुजबुज झाली. मग वकिलीण उठून आली. तिचा नवरा वकील वगैरे नव्हता. कुठल्याही गोष्टीवर ती उलटतपासणी घ्यायची म्हणून ते नाव.

"मुकादम, मला हे पोटात ठेवता येत नाही. ऐका. मी रोज माझी एक थप्पी सातच्या बिल्ल्यानं टाकत होते."

"तू?"

"एकच. म्हटलं, तेवढी भर पडली तर म्हातारीचं नाव यादीतून सुटेल. यादीचं तुम्ही सांगितलं नाहीत, पण भिंतींना कळतं तसं आम्हाला कळलं. आता विचारते, तर हीसुद्धा टाकत होती. ती पण. नऊच्या नऊ जणी!"

"आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नाही?"

"तेच तर! एरवी कुणाच्या घरी मांजर व्यायलं तरी सगळ्या खात्याला कळतं. पण दुसरीला सांगितलं असतं, तर मावशीला सांगितल्यासारखं झालं असतं. तिला कळलं असतं तर बिल्ले अंगावर फेकले असते तिनं."

"अगं, मला तरी सांगायचं."

"तुम्हाला? तुम्ही बोर्डाला पडदा लावून बसला होतात."

मुकादम खुर्चीत बसला. वही उघडून त्यानं साऱ्या खात्याची बेरीज केली, ती त्यानं महिनाभर केलीच नव्हती. रोजचे साडेपंधराशे. बोर्ड लागण्याआधीही साडेपंधराशेच होते. त्याच्या सगळ्या कौतुकानं एक झगा वाढला नव्हता. नुसत्या थप्प्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

मावशी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. तो दाराशी थांबला.

"ये आत," ती म्हणाली. "माझे एकशे दहा होतात. मी रोज मोजते, बाबा. मला काय कळत नाही?"

"मग तिथंच बोलायचं ना, मावशी."

"कुणाला खोटं पाडू? तुला, का त्या पोरींना? साहेब टाळ्या वाजवत होते." तिनं कागदाची घडी घातली, झग्याची घालते तशीच, नेटकी. "उद्या सकाळी मी साहेबांकडे जाते. सांगते, मला काढा आणि ते एकशे ऐंशी मागे घ्या. मनगटं जातील पोरींची."

"नका जाऊ."

"मग काय करू? त्यांनी पाठीवर घेतलेलं ओझं होऊन बसू?"

मुकादम म्हणाला, "आधी मी जातो."

सकाळी साहेबांच्या टेबलावर त्यानं वही ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला नाही.

"म्हणजे तुम्ही खोट्या आकड्यांवर मला टाळ्या वाजवायला लावल्यात," साहेब म्हणाले.

"आकडे मी मोजले, साहेब. माणसं बघितली नाहीत. बायकांनी फसवलं नाही. त्यांना मान नको होता, त्यांना त्यांचं माणूस हवं होतं. ते मडकं आमच्या खात्यात काठोकाठ भरलेलं होतं आणि मी वरचं भरायच्या नादात त्यालाच धक्का मारला. प्रशिक्षणातलं चुकीचं नव्हतं. मी त्यातलं सोपं तेवढं उचललं."

साहेबांनी वही चाळली. "एकशे ऐंशी मागे घेतो. पण तुम्हाला मेमो द्यावा लागेल, लेखी. आणि त्यांचे एकशे दहा आता माझ्यासमोर आलेत, ते मी न बघितल्यासारखं करू शकत नाही. यादीला एक महिना आहे. त्यांचे स्वतःचे एकशे चाळीस दाखवा, नाहीतर नाव जाईल."

एकतीस वर्षांच्या कोऱ्या फायलीत पहिला कागद लागला. मुकादमानं सही केली आणि खात्यात आला. बोर्ड उतरवला, बिल्ले पेटीत टाकले. फोटो सोडवून मावशीच्या हातात दिला. मग तिच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसला. बारा वर्षांत तो इथं कधी बसला नव्हता. बायकांचे हात थांबले.

"मावशी, मन उडालंय का तुमचं कामातून?"

"मन?" ती चमकली. "मनाला काय धाड भरलीय! मुलगा गेला तो पोटासाठी गेला, त्याचं काय घेऊन बसायचं? घरी बसून भिंती बघण्यापेक्षा मला इथं बरं वाटतं."

"मग हात कशानं अडतो?"

एक झगा उचलून तिनं शिवणीवरून अंगठा फिरवला, पार खालपर्यंत.

"दिसत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "हिरव्यावर हिरवी शिवण. आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, या दिव्याखाली सगळं एकच दिसतं. म्हणून प्रत्येक झगा चाचपते. उलटा गेला तर तिकडं कापलेल्या माणसाच्या पोटाशी गाठ आहे. एका झग्यामागं तेवढा वेळ जातो. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. सांगितलं असतं, तर आंधळी म्हणून त्याच दिवशी घरी धाडलं असतं."

"काय केलं तर जमेल?"

"गोदामाच्या बाजूला खिडकी आहे, तिथं रिकामी खोकी रचलीत. तिथला उजेड मिळाला, तर जमेल असं वाटतं. वाटतं, म्हणते. शपथ घालू नकोस."

खोकी हलवायला दुपार गेली. वकिलिणीनं टेबलाचं एक टोक धरलं, मुकादमानं दुसरं. "मुकादम, कंबर सांभाळा," ती म्हणाली, "मेमोबरोबर आजारपणाची रजा मिळत नाही." कितीतरी तासांनी खात्यात कुणीतरी हसलं. मावशीनं मात्र बजावून सांगितलं, "आता माझ्या थप्प्यांत कुणी एक झगा जरी टाकला, तर मी स्वतः राजीनामा देईन." त्यावर कुणी हसलं नाही, आणि कुणी टाकलाही नाही.

पहिल्या दिवशी एकशे अठ्ठावीस झाले. पुढचे दोन आठवडे आकडा तिथंच घुटमळला. मुकादमाला रात्री झोप लागेना. पण रोज दुपारी तो तिच्याजवळ स्टूल टाकून बसायचा आणि विचारायचा, आज कुठं अडलं? एकदा ती म्हणाली, ढगाळ दिवसाला काही दिसत नाही. त्यानं दिवा मागितला. आठ दिवसांनी मिळाला. एकदा म्हणाली, काही अडलं नाही, उगाच डोकं खाऊ नकोस. तेही त्यानं ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात एकशे छत्तीस झाले, चौथ्यात एकशे एकेचाळीस, एकशे त्रेचाळीस.

यादी गेली त्या दिवशी साहेब खिडकीपाशी आले. त्यांनी तिच्या टेबलावरची एक थप्पी स्वतः उलगडून बघितली, दहाही झगे, आणि गेले. त्यांच्यामागून मुकादम आला.

"मावशी, नाव नाही तुमचं. कळलं आत्ता."

तिनं मान वर केली नाही. अंगठा शिवणीवर होता.

"एवढं विचारायला वर्ष लावलंस, बाबा," ती म्हणाली, आणि पुढचा झगा ओढला.