गाळलेली ओळ

सोमवारी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा आमच्या आळीतलं एकही दार उघडं नव्हतं. एरवी कुणाची शेळी व्याली तरी अख्खी आळी गोळा होते. त्या दिवशी पेटी, गोधड्या, पिठाचा डबा आणि हलगी मी आणि रुथबाईनं दोघांनीच चढवली. रुथबाई म्हणजे माझी बायको. आई धाकट्या भावाकडं राहणार होती. ती टेम्पोची फळी धरून म्हणाली, "मानसांवर रुस. येशूवर रुसू नको. तो कुठं हुता तुमच्या पंच कमिटीत?"

मी टेम्पोत चढलो. तिसगाव मागं पडलं तरी वळून पाहिलं नाही. मान दुखायला लागली, पण ताठ ठेवली.

झालं होतं आदल्या दिवशी, रविवारच्या उपासनेत. आमचे आजे-पणजे गावच्या लग्नात, मयतीत, जत्रेत हलगी वाजवून पोट भरायचे. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता ही हलगी सुटली. आजोबांनी ती चर्चात आणली. म्हणाले, आजवर मानसांपुढं वाजवली, आता ज्यानं हात दिले त्याच्यापुढं वाजवतो. तेव्हापासून भजनाला आमच्या घरची हलगी. वडिलांनी मला शिकवताना एवढंच सांगितलं, "देवापुढं वाजवताना कोन बघतंय ते बघायचं न्हाई." मी चौथीत शाळा सोडली, पण तालात कधी चुकलो नाही. कापणीच्या सणाला लोक बाजरीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या घेऊन वेदीकडं चालत यायचे ते माझ्या ठेक्यावर. म्हातारी माणसंसुद्धा पाय उचलून टाकायची.

मग चर्चात कीबोर्ड आला. त्याला माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या रविवारी भजन संपलं आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचा अध्यक्ष उठला. दावीद. आम्ही दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. त्याच्या लग्नाच्या वरातीत मी वेशीपासून मांडवापर्यंत वाजवत गेलो होतो. तो भर उपासनेत म्हणाला, "ह्या हलगीत आपली जुनी जात वाजती. शिकल्या पोरांना लाज वाटती. आजपासून ही भाईर." आणि माझ्या मांडीवरची हलगी उचलून त्यानं दाराबाहेर, चपलांमध्ये नेऊन ठेवली.

दावीदचा राग आला. पण खरी जखम त्याच्यानंतर झाली. मी सगळ्या मंडळीकडं पाहिलं. ज्यांच्या घरी रात्रभर भजनं केली, ज्यांच्या मयतीला खांदा दिला, त्यातल्या एकानंही मान वर केली नाही. पाळकसाहेब बायबलची पानं चाळत बसले. मी उठलो, चपला घातल्या, हलगी घेतली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, सामान बांध.

भोसरीत थोरला मुलगा शमुवेल एका वर्कशॉपमध्ये होता. त्यानं जवळच खोली बघून दिली आणि मला वॉचमनची नोकरी. गावाकडं गुरं परतली की संध्याकाळ झाली असं समजायचं. इथं भोंगा झाला की सेकंड शिफ्ट. गावाकडं मला बुवा म्हणत, इथं "अंकल, गेट." युनिफॉर्म मापापेक्षा मोठा मिळाला, तो रुथबाईनं आत घेतला. पहिल्या दोन पावसाळ्यांच्या ओलीनं हलगीचं कातडं फुटलं. मी नवं चढवलं नाही.

रुथबाईनं महिन्याभरात चर्च शोधून काढलं. एका पिठाच्या गिरणीच्या वर हॉल होता, तिथं पन्नास-साठ माणसं जमायची. मी तिला जिन्यापर्यंत सोडायचो आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचो. वरची भजनं खाली ऐकू यायची. ढोलकीवरचा गडी कच्चा होता, ठेका मागं पडायचा. माझी बोटं टेबलावर चालायची आणि मी ती मुठीत धरायचो.

पण घरी संध्याकाळची प्रार्थना मी मोडली नाही. वडिलांच्या घरची रीत आहे ती, दिवा लागला की सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. मी म्हणायचो, फक्त एका ठिकाणी गप्प व्हायचो. आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तसं तू आम्हाला माफ कर, असं जिथं म्हणायचं असतं, तिथं. मी आडमुठा असेन, पण देवाशी खोटं बोलणार नाही. केलंच नव्हतं, तर सांगू कसं? रुथबाई एकटीच ती ओळ म्हणायची, मग मी पुढं तिच्यात मिसळायचो.

एकदा ती म्हणाली, "अवो, मी ती ओळ मनात दोनदा म्हनते. एकदा तुमच्या वाटची."

"माझ्या वाटची म्हनायची न्हाई."

"मग तुमी म्हना. मला दोनदा म्हनून दम लागतो."

अशी वर्षं गेली. आई वारली तेव्हा गावी गेलो. तिची शेवटची उपासना चर्चात झाली आणि मी बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. भाऊ दोनदा बोलवायला आला. मी म्हणालो, डायरेक्ट कबरस्तानात येतो. त्या दिवशी मला वाटलं, मी माझा मान राखला. आज वाटतं, आईला शेवटचं एकटं सोडलं. ह्याची माफी मी माणसांकडं मागू शकत नाही.

मागच्या वर्षी रुथबाई रोज सकाळी दोन डबे भरायला लागली. एक माझा, दुसरा म्हणे दवाखान्यात पडलेल्या चर्चातल्या एका आजारी माणसाचा. मी तिला रिक्षात बसवून द्यायचो. पाचव्या दिवशी तिचे गुडघे इतके सुजले की तिला उठवेना. म्हणाली, "तुमी नेऊन द्या. दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग." नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पलंगावर दावीद होता.

अंगाची डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं, दाढी वाढलेली. त्याचा मुलगा त्याला गावाहून उपचाराला घेऊन आला होता, तो औषधं आणायला खाली गेला होता. दावीदनं मला ओळखलं. डोळे भरले की आजारानं पाणी येत होतं, मला सांगता येणार नाही. मी डबा ठेवून परत फिरणार होतो. पण एका हातानं डब्याचं झाकण त्याला निघेना. मी स्टूल ओढलं. भाकरी दुधात कुस्करली आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

मनात म्हटलं, आता हा बोलणार. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आज बोलणार. त्यानं घास गिळला, ओठ जुळवले आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "मीठ... कमी हाय."

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. शेजारच्या पलंगावरचा माणूस बघायला लागला. दावीदही अर्ध्या तोंडानं हसला. "आयुष्यभर उणंच शोधलंस रं," मी म्हणालो. खाली कँटीनमधून कागदात मीठ आणलं आणि उरलेली भाकरी त्याला चारली. माफीचा शब्द त्यानं काढला नाही, मीही मागितला नाही. तो गावी जाईपर्यंत डबा मीच नेला.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर रुथबाईला विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर गेला असता?"

त्यापुढच्या रविवारी मी गिरणीवरचा जिना चढलो. आता दर रविवारी जातो. दाराजवळ बसतो, पाय दुखतात म्हणून. लोक चांगले आहेत. भांडतातही. माणसंच आहेत.

माझ्यासारखे जे चर्चातून दुखावून निघाले, मग पुण्यात असोत की परदेशात, त्यांना एवढंच सांगतो. मला देवानं काढलं नव्हतं, पण शिक्षा मी त्याच्या घराला देत बसलो, आणि उपाशी राहिलो मी. आणि गावात जे राहिले त्यांना सांगतो, कुणाला बाहेर काढत असतील आणि तोंडानं बोलता येत नसेल, तर निदान त्याच्याकडं बघा.

भाऊ फोनवर विचारतो, घरी कधी येतो? खोली रंगवून ठेवली आहे म्हणतो. जाऊन येईन. पण घर म्हटलं की आता मला दिवेलागणीची आमची दहा बाय बाराची खोली दिसते. माफी एकदा करून संपत नाही, हे मला उशिरा कळलं. काही दिवस जुनं सगळं वर येतं आणि ती ओळ घशात अडकते. तेव्हा रुथबाई माझ्या वाटची म्हणत नाही. डोळे मिटून गप्प बसते. मी ती म्हटल्याशिवाय पुढं जात नाही.